तेरा दिवसांत सव्वीस लाख कोटी

३ एप्रिल २०२० च्या शुक्रवारी अमेरिकेतल्या बँकांनी एका नव्या सरकारी योजनेखाली लहान धंद्यांना कर्ज द्यायला सुरुवात केली. १६ एप्रिलला, तेरा दिवसांनी, तिजोरी रिकामी झाली. तोवर १६ लाख ६० हजारांहून अधिक कर्जं मंजूर झाली होती आणि त्यांची बेरीज होती ३४२ अब्ज डॉलर. रात्री, शनिवार-रविवार सगळं धरून सरासरी काढली, तरी दर सेकंदाला तीन लाख डॉलर मंजूर होत होते. दोन सेकंदांत तीन कर्जं, आणि हे सलग तेरा दिवस.

तेव्हा डॉलर ७६ रुपयांच्या घरात होता. त्या भावाने ही रक्कम सव्वीस लाख कोटी रुपयांच्या आसपास जाते. त्याच वर्षीचा भारताचा केंद्रीय अर्थसंकल्प ३० लाख ४२ हजार कोटींचा होता. आपलं सैन्य, आपलं रेशन, आपल्या कर्जावरचं व्याज, राज्यांना जाणारी अनुदानं, सगळं मिळून वर्षभरात जेवढा पैसा केंद्र सरकार हलवतं, त्यातला बहुतेक सगळा दोन आठवडे भरायच्या आत बँकांच्या संगणकांतून निघून गेला. योजना राबवणाऱ्या लघुउद्योग प्रशासनाने तेव्हा स्वतःच सांगितलं, की चौदा वर्षांची कर्जं आम्ही चौदा दिवसांच्या आत हातावेगळी केली.

कोरोनाच्या साथीमुळे गरजही तशीच होती. २१ मार्चला संपलेल्या एका आठवड्यात ३३ लाख अमेरिकनांनी बेकारभत्त्यासाठी अर्ज केले होते. त्याआधीचा उच्चांक १९८२ मधला, सात लाखांच्याही आतला. पुढच्या आठवड्यात आकडा दुप्पट झाला. एप्रिलच्या मध्यापर्यंत चार आठवड्यांतले अर्ज २ कोटी २० लाखांवर गेले. अमेरिकेची नजर रोज वर जाणाऱ्या या आकड्यावर खिळली असताना काँग्रेसने २७ मार्चला कायदा केला आणि त्यात लहान धंद्यांचे पगार चालू ठेवण्यासाठी ३४९ अब्ज डॉलर बाजूला काढले. योजनेचं नाव पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅम, बोलीभाषेत पीपीपी.

तिचे नियम ऐकले तर कोणत्याही दुकानदाराला हेवा वाटेल. महिन्याच्या सरासरी पगारखर्चाच्या अडीचपट कर्ज, जास्तीत जास्त एक कोटी डॉलर. व्याज एक टक्का. तारण नको, जामीन नको. नोकर कामावर ठेवले आणि बहुतेक रक्कम पगारावर खर्च केली, तर कर्ज माफ. नाव कर्जाचं होतं, पण काम अनुदानाचं. फक्त एक गोष्ट सरकारने स्वतःच्या हातात ठेवली नाही, ती म्हणजे वाटप. ते बँकांकडे दिलं. पहिल्या फेरीत अशा ४,९७५ संस्था कामाला लागल्या.

आता नकाशा पाहू. १६ एप्रिलपर्यंत न्यूयॉर्क राज्यातल्या ८१ हजार धंद्यांना कर्ज मंजूर झालं होतं. राज्याची लोकसंख्या १ कोटी ९५ लाखांच्या आसपास, म्हणजे २४० माणसांमागे एक कर्ज. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या चार कोटींच्या जवळ आणि कर्जं १ लाख १३ हजार, म्हणजे ३५० माणसांमागे एक. आणि देशाच्या मधोमध, मका आणि गुरं यांच्या प्रदेशातलं नेब्रास्का हे राज्य: लोकसंख्या वीस लाखही नाही, कर्जं २३ हजारांहून अधिक. ब्याऐंशी-त्र्याऐंशी माणसांमागे एक. माणशी रक्कम काढली तर नेब्रास्काला दीड हजार डॉलरच्या वर, न्यूयॉर्कला हजाराच्या थोडं वर, कॅलिफोर्नियाला साडेआठशेच्या आसपास.

आता याच नकाशावर दुसरा नकाशा ठेवा. न्यूयॉर्क तेव्हा जगातल्या साथीचं केंद्र होतं. तिथली हॉटेलं १६ मार्चच्या रात्रीपासून ग्राहकांना आत बसवून वाढू शकत नव्हती, २२ मार्चपासून अत्यावश्यक नसलेला सगळा धंदा बंद होता आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत राज्यात दहा हजारांहून अधिक माणसं गेली होती. नेब्रास्का मात्र त्या मोजक्या पाच राज्यांपैकी होतं, ज्यांनी राज्यभर घरात राहण्याचा आदेश कधी काढलाच नाही. आर्कान्सा, आयोवा, नॉर्थ डकोटा आणि साउथ डकोटा ही बाकीची चार. राज्यभर टाळेबंदी जिथे कधी झालीच नव्हती तिथे, धंदा बंद पडू नये म्हणून काढलेला पैसा माणशी दीडपट पोचला आणि कर्जांची संख्या तर तिपटीच्या जवळ गेली.

हे एक-दोन राज्यांपुरतं नव्हतं. ग्रान्या, मॅक्रिडिस, यॅनेलिस आणि झ्विक या चार अर्थशास्त्रज्ञांनी पहिल्या फेरीचा पैसा कुठे गेला ते त्याच वसंतात तपासलं. कामाचे तास आणि दुकानं सर्वांत जास्त बंद पडली त्या भागांत १५ टक्के आस्थापनांना कर्ज मिळालं होतं. सर्वांत कमी फटका बसला त्या भागांत ३० टक्के. फटका सर्वांत कमी, तिथे मदत दुप्पट. हे दोन आकडे मी कितीदा तरी पाहिले आहेत आणि दर वेळी वाटतं, की ते उलटे छापले गेले असावेत. तसं झालेलं नाही.

न्यूयॉर्कच्या आतही असाच उतार होता. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० मध्ये काढलेल्या टिपणानुसार ब्राँक्समध्ये जेमतेम ७ टक्के धंद्यांपर्यंत हे कर्ज पोचलं होतं. ब्राँक्स म्हणजे शहरातला सर्वांत गरीब विभाग, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वस्तीचा. साथीत होरपळलेल्या भागांत त्याचं नाव पहिल्या ओळीत होतं.

कोणी ठरवून ब्राँक्सला वगळलं आणि नेब्रास्काला निवडलं, असं घडलेलं नाही. सरकारचा नियम देशभर एकच होता. फरक पाडला तो बँकेने, किंवा नेमकं सांगायचं तर गावात कोणती बँक आहे आणि ती तुम्हाला आधीपासून ओळखते का, या गोष्टीने. पैसा सरकारी होता, पण तो बँकांच्या जुन्या पाटांतूनच वाहिला आणि जिथे पाट खणलेले नव्हते ती शेतं कोरडी राहिली.

अमेरिकेतल्या चार सर्वांत मोठ्या बँकांचा लहान धंद्यांच्या कर्जांत संकटाआधीचा वाटा ३६ टक्के होता. पीपीपीच्या पहिल्या फेरीतल्या कर्जांच्या संख्येत त्यांचा वाटा ३ टक्क्यांच्याही आत भरला, असं त्याच चौघांच्या अभ्यासात आहे. मोठी शहरं याच बँकांच्या हातात आहेत. त्यांनी आधी आपले कर्जदार पाहिले, मग खातेदार, आणि बाहेरच्यांना बहुतेक ठिकाणी दार बंद. वेल्स फार्गोची गोष्ट आणखी वेगळी. बनावट खात्यांच्या प्रकरणानंतर २०१८ मध्ये फेडरल रिझर्व्हने या बँकेच्या एकूण आकारावर १.९५ लाख कोटी डॉलरची कमाल मर्यादा घातली होती. योजना सुरू होऊन दोनच दिवस झाले होते, तेव्हा बँकेने जाहीर केलं, की दहा अब्ज डॉलरच्या पुढे आम्ही जाऊ शकत नाही. ८ एप्रिलला फेडने या योजनेपुरती मर्यादा सैल केली, पण तेरातले पाच दिवस गेले होते. जुन्या गैरव्यवहाराची शिक्षा बँकेला दोन वर्षांपूर्वी झाली होती, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये तिची झळ त्या बँकेत खातं असलेल्या न्हाव्याला, शिंप्याला बसली.

नेब्रास्कामध्ये तेव्हा दीडशेहून अधिक बँका होत्या, बहुतेक एका-दोन गावांपुरत्या. तिथला बँकवाला धंदेवाल्याला नावाने ओळखतो, त्याचं पगारपत्रक वर्षानुवर्षं पाहत आलेला असतो. त्याच पट्ट्यातल्या नॉर्थ डकोटामध्ये १९१९ पासून राज्य सरकारच्या मालकीची स्वतंत्र बँक आहे आणि ती गावोगावच्या बँकांच्या पाठीशी उभी राहते. साडेसात लाख वस्तीच्या त्या राज्यात पहिल्या फेरीत अकरा हजारांच्या आसपास कर्जं झाली, माणशी हिशेबात नेब्रास्काच्याही पुढे. या लहान बँकांनी रात्र-रात्र बसून अर्ज भरले. त्यांचं काम चोख होतं आणि त्याबद्दल त्यांना पूर्ण श्रेय द्यायला हवं. प्रश्न त्यांनी काय केलं हा नाही, तर अशा बँका जिथे नव्हत्या तिथल्या माणसाने काय करायचं होतं हा आहे.

तो माणूस जवळून पाहू. न्यूयॉर्क शहराच्याच क्वीन्स विभागात जॅक्सन हाइट्सचा ७४ वा रस्ता आहे. साड्या, सोनं, मिठाई, किराणा, अगदी आपल्याकडची बाजारपेठ. साथीच्या त्या दिवसांत ज्याचं नाव जगभर पोचलं ते एल्महर्स्ट इस्पितळ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. समजा, तिथे पाच नोकरांचं मिठाईचं दुकान आहे. महिन्याचा पगारखर्च १५ हजार डॉलर. अडीचपटीने कर्ज बसतं ३७,५०० डॉलर. त्यासाठी २४८३ क्रमांकाचा अर्ज, त्यासोबत पगारावरच्या कराचे तिमाही फॉर्म, बँकेचे उतारे. हिशेब सांभाळणारा माणूस बाहेरचा, त्याचंही ऑफिस बंद. नोकरांपैकी कोणी रोखीवर असेल तर तो पगार कागदावर नाहीच. आणि बँकेला यातून काय मिळणार? साडेतीन लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावर सरकार बँकेला ५ टक्के शुल्क देत होतं, म्हणजे या फाइलमागे १,८७५ डॉलर. वीस लाखांवरच्या कर्जाला टक्का फक्त एक, पण एक कोटीच्या फाइलवर तो एक टक्काही लाख डॉलर होतो. मिठाईच्या त्रेपन्न दुकानांचे कागद तपासून जेवढं शुल्क मिळेल, तेवढं एका साखळी हॉटेलच्या अर्जात. अशा वेळी बँकेतला कारकून कोणती फाइल वर ठेवेल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

पहिल्या फेरीचे आकडे तेच सांगतात. दीड लाख डॉलरपर्यंतची कर्जं संख्येने ७४ टक्के होती, पण त्यांच्या वाट्याला पैसा आला १७ टक्के. देशभर हॉटेलांची साखळी चालवणाऱ्या शेक शॅकने घेतलेले एक कोटी डॉलर आणि रूथ्स क्रिसने घेतलेले दोन कोटी डॉलर लोकांनी आरडाओरडा केल्यावर परत गेले. बास्केटबॉलच्या लॉस एंजलिस लेकर्स संघानेही ४६ लाख डॉलर परत केले. कायद्यात हे सगळे बसत होते. धंद्यांच्या प्रकारानुसार सर्वांत मोठा वाटा, १३ टक्के, बांधकामाला गेला. हॉटेलं आणि खाणावळी, म्हणजे ज्यांची शटरं सर्वांत आधी पडली, त्यांना मिळून ९ टक्क्यांच्या आसपास.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं: शेवटी सगळ्यांना मिळालंच की. ते अर्धं खरं आहे. २७ एप्रिलला आणखी ३१० अब्ज डॉलर घेऊन दुसरी फेरी उघडली. मोठ्या बँका तोवर तयार झाल्या होत्या, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया पुढे सरकले, राज्याराज्यांमधली दरी बरीच भरून आली. ८ ऑगस्टला योजना थांबली तेव्हा १३० अब्ज डॉलर न वापरता शिल्लक होते! तेरा दिवसांत संपलेला पैसा चार महिन्यांनी उरला होता.

पण धंद्याचा जीव महिन्यांवर चालत नाही, दिवसांवर चालतो. जेपी मॉर्गन चेस बँकेच्या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये लाखो लहान धंद्यांची खाती तपासून एक हिशेब मांडला होता: उद्यापासून एक पैसाही आला नाही, तर हातातल्या रोकडीवर धंदा किती दिवस तग धरेल? मधल्या धंद्याचं उत्तर २७ दिवस. खाणावळींचं १६ दिवस. आता न्यूयॉर्कचं कॅलेंडर पाहा. १७ मार्चला टेबलं रिकामी झाली. सोळा दिवस मोजले की १ एप्रिल येतो. योजना उघडली ३ एप्रिलला. म्हणजे मधल्या खाणावळीची गंगाजळी बँकेचं दार उघडण्याआधीच संपली होती. मग तेरा दिवस रांग, मग पैसा संपल्याची बातमी, मग पुढचे अकरा दिवस काहीच नाही. नेब्रास्कातल्या अर्जदाराला ९ एप्रिलला मिळालेला डॉलर आणि ब्राँक्समधल्याला मेच्या मध्यात मिळालेला डॉलर कागदावर सारखेच दिसतात. दरम्यान भाडं थकलेलं असतं, नोकर बेकारभत्त्याच्या यादीत गेलेले असतात, पुरवठादाराने उधारी बंद केलेली असते. उशिरा आलेल्या पैशाची तूट कोणत्याही तक्त्यात मांडलेली नसते.

योजना पुढे पुन्हा उघडली आणि मे २०२१ अखेर पूर्ण संपली तेव्हा कर्जांची संख्या १ कोटी १८ लाख होती आणि रक्कम ८०० अब्ज डॉलर, भारताच्या त्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाव हिश्श्याहून मोठी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब केला, की यातला २३ ते ३४ टक्के पैसाच, एरवी नोकरी गेली असती अशा कामगारांपर्यंत पोचला. एक नोकरी एक वर्ष टिकवायला सरकारला १ लाख ६९ हजार ते २ लाख ५८ हजार डॉलर पडले.

आता आपल्याकडे येऊ, कारण हे सगळं चालू असतानाच इथेही बँका आणि धंदे यांच्यात अंतर पडत होतं. अमेरिकेतला पैसा संपायच्या आदल्या दिवशी, १५ एप्रिल २०२० ला, आपल्या बँकांनी ६.९ लाख कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे नुसते ठेवून दिले होते. दोनच दिवसांनी गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी हा आकडा सांगितला आणि अशा ठेवीवरचं व्याज ४ वरून ३.७५ टक्क्यांवर आणलं, म्हणजे तरी बँका कर्ज देतील. दिलं नाही. २३ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने लहान वित्तसंस्थांपर्यंत पोचावेत म्हणून २५ हजार कोटी स्वस्तात देऊ केले, तर बँकांनी मागितले १२,८५० कोटी. तालुक्याच्या गावात ट्रकवर, शिलाई मशीनवर कर्ज देणाऱ्या या संस्था, त्यांच्यापर्यंत जाणारा पैसाही बँकांना अर्धाच हवा होता.

१३ मेला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तीन लाख कोटींची तातडीची कर्जहमी योजना जाहीर केली. पूर्ण हमी सरकारची, तारण नको, चार वर्षांची मुदत, पहिल्या वर्षी मुद्दल नको, बँकांना व्याजाची मर्यादा ९.२५ टक्के. अमेरिकेसारखी माफी नाही, कर्ज ते कर्जच. रक्कम ठरवण्याचं सूत्र होतं: २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्के.

या एका वाक्यात देशाचा नकाशा दडलेला आहे. ज्याच्या नावावर बँकेचं एक कोटीचं कर्ज होतं त्याला वीस लाख. ज्याने आयुष्यात बँकेची पायरी चढली नाही, घरच्या पैशावर आणि उधारीवर धंदा उभा केला, त्याला शून्याच्या वीस टक्के.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीनुसार देशात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग ६ कोटी ३३ लाख. बिहारमध्ये ३४ लाख ४६ हजार, गुजरातमध्ये ३३ लाख १६ हजार, म्हणजे बिहार किंचित पुढे. पश्चिम बंगालमध्ये ८८ लाख ६७ हजार, महाराष्ट्रात ४७ लाख ७८ हजार. उद्योगांच्या संख्येवर मदत ठरली असती तर बंगाल वरच्या दोघांत असता. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाच्या जानेवारी २०२२ च्या अहवालात सर्वांत मोठा लाभार्थी होता गुजरात, मग महाराष्ट्र, मग तामिळनाडू, मग उत्तर प्रदेश. बिहारमध्ये तेव्हा बँकांत जमा होणाऱ्या शंभर रुपयांमागे कर्ज म्हणून चाळीसच्या आसपास परत मिळत होते, तामिळनाडूत शंभराहून अधिक. शंभरातल्या चाळिसाचे वीस टक्के आणि शंभराचे वीस टक्के यांत संकटाने नवा अन्याय केला नाही, जुना होता तो पाचव्या हिश्श्याने वाढवून दिला.

गोव्याचं उदाहरण मला जास्त बोचतं. श्रीमंत राज्य, परदेशातल्या गोंयकारांच्या पैशाने भरलेली बँकखाती, आणि शंभर रुपये ठेवीमागे कर्ज तीसच्या आसपास. पर्यटन बंद पडल्यावर शॅकवाला, टॅक्सीवाला, खोल्या भाड्याने देणारी बाई, सगळ्यांचा गल्ला एका दिवसात आटला. ठेवी गावच्याच बँकेत पडून, पण सूत्र ठेवींना लागत नव्हतं, कर्जाला लागत होतं.

ही योजना पुढे पाच लाख कोटींपर्यंत वाढवली आणि मार्च २०२३ पर्यंत चालली. १ कोटी १९ लाख कर्जदारांना तिचा लाभ झाला, असं सरकार सांगतं. स्टेट बँकेच्या त्याच अहवालाने तिच्यामुळे साडेतेरा लाख धंदे आणि दीड कोटी रोजगार वाचल्याचा अंदाज दिला होता. मला तो खरा वाटतो, आणि म्हणूनच उरलेल्या पाच कोटी उद्योगांचा विचार सुटत नाही.

अमेरिकेत कोर्टाने आदेश दिल्यावर १ डिसेंबर २०२० ला सरकारने पीपीपीच्या प्रत्येक कर्जाची नोंद खुली केली: कोणाला, किती, कोणत्या बँकेकडून, कोणत्या पिनकोडवर. वर दिलेले निष्कर्ष कोणालाही ताडून पाहता येतात ते त्यामुळे. आपल्या योजनेची अशी कर्जनिहाय नोंद लोकांसमोर नाही. कर्जदाराची नावं नकोतच, पण तालुका, बँक, रक्कम आणि मंजुरीची तारीख एवढे चार रकाने खुले झाले, तर मुंबईत मंजूर होऊन मुंबईतच राहिलेलं कर्ज किती आणि मे ते जुलै २०२० या तीन महिन्यांत गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या, सिंधुदुर्गच्या बाजारपेठेत पोचलं किती, हे एका दुपारी काढता येईल.